मामांच्या वहीतला न हालणारा आकडा

संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून आम्ही सगळेच जायचो, पण आत गेल्यावर यंत्राला हात जोडणारे मामा एकटेच. परभणीतल्या आमच्या बियाणे तपासणीच्या कार्यालयातले ते शिपाई. गाव झरी, घरी मेंढरं. इंग्रजी येत नव्हतं, आकडे मात्र बिनचूक वाचायचे.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आदल्या वर्षी आमच्याकडे एक मोठा संगणक आणि त्याला वायरींनी जोडलेले चार लहान आले. चौघांचं काम मोठ्याच्या एकाच ड्राइव्हवर साठायचं. ती भरली तर सगळंच अडणार, म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. रोज साडेदहाला तो माझ्या नावाने, माझ्या पासवर्डने आत शिरायचा, मोकळी जागा मोजायचा आणि आकड्याची चिठ्ठी छापायचा. मला त्याचा भलताच गर्व. मामा ती चिठ्ठी फाडून माझ्या टेबलावर ठेवत आणि आकडा तारखेसह स्वतःच्या वहीत उतरवत. कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना तलाठीमामा म्हणून चिडवायचो.

एका सकाळी ते टेबलापाशी घुटमळले. "साहेब, आठ दिस झाले, आकडा हालंना झालाय. मेंढरं मोजताना लय दिस तोच आकडा आला, की आमी मेंढरं न्हाई, मोजणाऱ्याला बघतो."

मशीन मेंढपाळासारखं डुलक्या घेत नाही, असं मी हसत म्हणालो. त्यांनी तोच आकडा वहीत उतरवला.

पंधरा दिवसांनी ड्राइव्ह गच्च भरली आणि खरिपाच्या नमुन्यांच्या नोंदी अर्धवट लिहिल्या जाऊन बिघडल्या. मी प्रोग्राम उघडून बसलो. दहा मिनिटांत चूक सापडली. मधे मी पासवर्ड बदलला होता, प्रोग्राममध्ये जुनाच राहिला होता. बिचारा रोज दारातूनच परत फिरायचा आणि शेवटचा मोजलेला आकडा पुन्हा छापायचा.

तेवढ्यात मोठे साहेब आले. हे कशानं झालं, म्हणाले. मी अजून नोकरीत कायम व्हायचा होतो.

"झाडताना मामांच्या हातून मोठ्या संगणकाची विजेची वायर निघते," मी म्हणालो.

मामा दारातच उभे होते.

त्यांची बदली सोनपेठला झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरी बायको अंथरुणाला खिळलेली, आणि झरीहून रोज सोनपेठला जाऊन येणं होण्यासारखं नव्हतं. मी पासवर्ड दुरुस्त केला, तोंड उघडलं नाही. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती. लाज नंतर आली, ती गेलीच नाही.

जायच्या दिवशी मामांनी यंत्राला हात जोडले आणि वही माझ्यापुढे ठेवली. सुट्ट्या सोडून वीस तारखा, वीसही तारखांपुढे एकच आकडा. वायर निघून संगणक बंद पडला असता तर चिठ्ठीच छापली गेली नसती; चिठ्ठी रोज आली होती, अडकला होता तो मोजणारा, हे त्या पानावरून कुणालाही कळलं असतं. मामांनाही कळलं होतं.

"ही तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या साहेब," ते म्हणाले. "माज्यापाशी असली अन् कुणी इचारलं, तर खरं सांगावं लागंल."

पुढे मी कायम झालो, बढत्या मिळाल्या. वही अजून माझ्याकडेच आहे. मला कुणी विचारलं नाही.