ताईचं पाणअस्वल

दिवाळीच्या किल्ल्यासाठी आमच्या सोसायटीतली पोरं दरवर्षी कंपाउंडची भिंत खरवडतात. पावसाळाभर चढलेलं शेवाळ उलथन्याने सोलून किल्ल्याच्या उतारांवर लावलं की डोंगर हिरवा दिसतो. यंदा ऑक्टोबरच्या उन्हाने ते आधीच वाळून पापड झालं होतं. तरी ताई मला म्हणाली, "जा, त्यांच्याकडून मूठभर मागून आण."

"अगं, या वयात शेवाळासाठी पोरांपुढे हात पसरू? आणि ते मेलेलं शेवाळ तुला कशाला?"

"मेलेलं नाहीये. जा तू."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर आम्ही दोघी एकत्र राहतो आणि दिवसातून एकदा तरी भांडतो. हल्ली तिची नजर मधोमध विझत चालली आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. गेलेली नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय. तिने त्यावर एकदाही रड काढली नाही. एवढंच म्हणाली, की उरल्या नजरेत एकदा पाणअस्वल बघायचंय.

हे पाणअस्वल शेवाळात राहतं. मोहरीपेक्षा कितीतरी बारीक. शेवाळ वाळलं की पाय पोटात घेऊन गोळा होऊन पडतं, आणि पाणी मिळालं की उठून चालायला लागतं म्हणे. हे मी शंभरदा ऐकलंय, बघितलं मात्र कधीच नव्हतं. माझी नोकरी बँकेतली, मला काय करायचीत अस्वलं!

गेले खाली. "आजी, तुम्ही पण किल्ला करताय?" पोरांनी विचारलं. "हो, तुमच्यापेक्षा मोठा," म्हटलं आणि मूठभर शेवाळ घेऊन आले. ताईने ते रात्रभर बशीत भिजत ठेवलं. सकाळी पिळून त्याचा थेंब काचेवर घेतला, सगळं बोटांच्या सवयीने, आणि मायक्रोस्कोपवर वाकली. बराच वेळ काच सरकवत राहिली. मान तिरकी करून बघितलं, दुसरा डोळा लावून बघितला. मग सरळ बसली.

"मधे नुसता डाग आहे गं," म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

"सरक, मी बघते," मी खेकसले. रागच आला होता मला, तिच्या त्या डोळ्यांचा.

आधी नुसता कचरा दिसला. मग हिरवी पानं, मग सुतासारखं काहीतरी वळवळणारं.

"तो जंत. तो नको. पुढे चल, सावकाश."

आणि मग ते दिसलं.

"ताई! अगं बाई, आहे! चांगलं गुबगुबीत आहे मेलं! चालतंय! नखं आहेत गं त्याला!"

"पाय किती?"

"थांब... आठ. मागच्या दोन पायांनी पान धरून ठेवलंय."

"तेच!" ताईने माझा दंड घट्ट धरला. "आता काच हलवू नकोस. मला बसू दे."

मी उठले. ती बसली आणि डोळा लावून तशीच राहिली, अगदी निवांत. जरा वेळाने म्हणाली, "आहे ना गं अजून?"

तिचा मायक्रोस्कोप जुना, एकाच डोळ्याने बघायचा. त्यावर तिचा डोळा. मला काय दिसणार होतं!

"आहे," मी म्हटलं. "पानावर चढतंय."