ताईबाईचा निरोप

मंजुळाबाई साक्रीजवळच्या एका खेड्यात गोधड्या शिवून पोट भरायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. धाकटी बहीण ताईबाई त्याच गावात सुकदेवला दिलेली. एवढंच काय ते तिचं माणूस. १९३१ साली ताईबाईला क्षय झाला आणि तिला इगतपुरीला, डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवलं. तिची सहा वर्षांची मुलगी शेवंता मागे राहिली. वर्ष उलटायच्या आत सुकदेवने कमल नावाची दुसरी बायको केली.

श्रावणात तो मंजुळाबाईच्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "अक्का, तिले सांगाले पाहिजे. मना तोंडमातीन नही निंघस. तू जाय."

क्षयाच्या माणसाकडे सोबत यायला कोणी तयार होईना. मंजुळाबाई एकटीच निघाली. धुळ्याला गाडीत बसली, चाळीसगावला हमालाला विचारून गाडी बदलली. बहिणीला काय सांगायचं ते ती मनात जुळवत होती, पण जुळलेलं वाक्य पुढचं स्टेशन येईपर्यंत मोडायचं.

नाशिक मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी डोंगर आले. हिरवेगार, माथ्यावर ढग टेकलेले. शेजारच्या मारवाडी बाईने तिला हलवलं. "अहो, बघा तरी, पाणी कसं पडतंय!"

काळ्या कड्यावरून पांढरीशुभ्र धार कोसळत होती. साक्रीच्या कोरडवाहू शिवारात असलं पाणी तिने कधी पाहिलं नव्हतं. क्षणभर ती सगळं विसरून बघत राहिली. मग आपण कशाला निघालोय ते आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

दवाखान्याच्या पडवीत ताईबाई खाटेवर बसली होती. मनगटं काडीसारखी झालेली.

"तठेच बस, अक्का. जवळ नको येऊ."

मंजुळाबाई खांबाशी बसली. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. "सुकदेवनी दुसरी करी लिधी," ती एकदम बोलून गेली.

ताईबाई खोकली. "शेवंताले मारस का ती?"

"नही. तीच अजून पोर शे."

"मंग शेवंताले सांगजो, तिलेच माय म्हन."

"माले असं नको सांगू, बाई!"

"तूच सांगजो. नहीतर ती मनी वाट दखत बसी."

मंजुळाबाई गावी परतली, पण तो निरोप तिने दिला नाही. बहीण जिवंत असताना हे पोरीला कसं सांगायचं? शेवंता कमलला कशानेच हाक मारायची नाही, तिने बोलावलं की नुसतं 'ओ' म्हणायची आणि संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची.

मार्गशीर्षात दवाखान्याचं कार्ड आलं. ताईबाई गेली होती आणि तिकडच्या तिकडे अग्नीही देऊन झाला होता. त्या दिवशी मंजुळाबाईने शेवंताला जवळ घेऊन सगळं सांगितलं. निरोपही सांगितला. पोर रडली नाही.

चार दिवसांनी कमल धावतच मंजुळाबाईकडे आली. हात पिठाने भरलेले, डोळे वाहत होते.

"अक्का, तिनी माले माय म्हनी हाक मारी. मी काय करू?"

मंजुळाबाईच्या हातातली सुई थांबली. "ओ दे," ती म्हणाली.

कमल गोधडीच्या कडेला मटकन बसली. पलीकडच्या घरातून शेवंता पुन्हा 'माय' म्हणून हाक मारत होती. ती हाक ताईबाईची होती, आणि दोघींपैकी कोणीच उठलं नाही.