जवळच आहे, ये

गोलो रुआची चढण भल्याभल्यांचा घाम काढते. इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावरच्या डोंगरात असल्या चढणी ढिगाने आहेत, पण हिच्या माथ्यावर रोफिनाचं घर आहे, तेवढाच काय तो दिलासा. दुपार कलली की दरीतून धुकं वर चढतं, माथा दिसेनासा होतो, आणि खालून येणारा ओरडून विचारतो, "एंदे, अजून किती लांब?" एंदे म्हणजे आई. इथे म्हातारी ही सगळ्यांचीच आई असते.

रोफिना चुलीपाशी बसल्या बसल्या ओरडते, "रुइस! जवळच आहे, ये!"

रुइस म्हणजे जवळ. विचारणारा खाली ओढ्यात असो की अर्ध्या वाटेवर, उत्तर ठरलेलं. याला कुणी खोटं म्हणत नाही. जिथे आपलं माणूस आहे ते गाव तीन डोंगर ओलांडून असलं तरी जवळ, आणि ज्याच्याशी वाकडं आलं त्याचं दार कुंपणाला लागून असलं तरी लांब, असा इथला हिशेब. शिवाय चढणाऱ्याला 'लांब' म्हणायचं म्हणजे त्याच्या पायातलं उरलंसुरलं बळ काढून घ्यायचं. शेजारच्या बोनेने एकदा हा शहाणपणा केला. "अजून निम्मी चढण आहे," असं तो एका कापडवाल्याला सांगून बसला. कापडवाला वळणावरच्या सपाट दगडावर टेकला, जरा वेळाने गाठोडं उचललं आणि आल्या पावली मागे फिरला.

"एवढं खरं बोलायची हौस आहे तर पाद्रीबाबाकडे जा," रोफिनाने बोनेला फैलावर घेतलं. "वाटेवर कशाला पचकतोस?"

तिची एकुलती एक लेक एडेल. समुद्रापलीकडे मलेशियात, सबाहला पामच्या मळ्यावर कामाला निघाली, तेव्हा दारातच रडायला लागली. "एंदे, किती लांब आहे गं ते!"

बापाविना वाढवलेली पोर. पण रोफिनाच्या तोंडात सवयीचं तेच आलं. "लांब कसलं? मधे थोडंसं पाणी. जवळच आहे, जा."

एडेलने डोळे पुसले आणि गेली. सुरुवातीला बोनेच्या फोनवर तिचा फोन यायचा. मग सणासुदीला. मग तोही नाही. त्यातच डोंगराच्या पलीकडून गावात रस्ता आला, रोफिनाचं घर त्याच्यापासून बाजूला पडलं आणि चढणीवर चिटपाखरू फिरकेना. रोफिनाला दिवस दिवस तोंड उघडायला कारण मिळत नसे. तरी धुकं चढलं की ती दोघांची कॉफी करायची, दरीकडे कान लावून बसायची आणि शेवटी दोन्ही पेले आपणच प्यायची. तिला फार एकटं वाटे.

बारा वर्षं अशी गेली. मग एका दुपारी खालून हाक आली. "एंदे, गोलो रुआ अजून किती लांब?"

बाईमाणसाचा आवाज होता, सूर परका. "जवळच आहे, ये!" रोफिना हर्षाने ओरडली. धुक्यातून वर आली ती एडेल.

"अगं बये! स्वतःच्या घराची वाट विचारतेस?"

"वळणावर ते मोठं झाड होतं ना, ते दिसेना. म्हटलं, चुकले."

"ते केव्हाच पडलं. आणि माझा आवाज? तोही ओळखला नाहीस?"

"तू तरी कुठे ओळखलास माझा?"

दोघी हसल्या. पण रोफिनाला ते लागलं. तिने रात्री कूस बदलून बदलून पाहिली, लागलेलं जाईना.

एडेल चारच दिवसांसाठी आली होती. नवरा तिकडे, मुलं तिकडे. ती मक्याचा भात जेवली, उकडलेली केळी मागून मागून खाल्ली, मुलांचे फोटो दाखवले. 'राहा गं' एवढंच रोफिनाला म्हणायचं होतं. शब्द रोज ओठावर येई आणि ती गिळून टाकी. साऱ्या जन्मात तिने चालणाऱ्याला कधी अडवलं नव्हतं.

निघायच्या दुपारी एडेलने पिशवी खांद्याला लावली. "तोंड पाडू नकोस गं. सबाह काय लांब आहे? तूच म्हणाली होतीस, जवळच."

"नाही," रोफिना म्हणाली. "लांब आहे."

"काय?"

"लांब आहे गं बाई. फार लांब. मला विचार, मी रोज इथे कान लावून बसते."

एडेल आईचे हात धरून उभी राहिली आणि मग उतरू लागली. भाड्याचा मोटारसायकलवाला खाली ओढ्यापाशी थांबला होता. एडेल वळणावर पोचली आणि त्या सपाट दगडावर बसली.

 त्या दगडावर टेकलेलं माणूस मागे फिरतं, हे रोफिनाइतकं कुणाला ठाऊक होतं? ती दाराची चौकट धरून बघत राहिली. हाक मारली असती तर पोर वर आली असती. खालून भोंगा वाजला. जरा वेळाने पुन्हा वाजला. धुकं वळणापर्यंत आलं आणि दगड दिसेनासा झाला.

मग धुक्यातून आवाज आला. "एंदे, अजून किती लांब?"

या खेपेला रोफिनाने ओळखला. रडका होता, थेट ती पहिल्यांदा निघाली त्या दिवसासारखा. पोरीचे पाय उचलत नव्हते.

तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, "जवळच आहे! जा!"