स्पेसबार ऐकू आला नाही

मला लिहायला सुचत नाही याचं कारण लॅपटॉपच्या कळा चपट्या आहेत, हा शोध मी गेल्या श्रावणात लावला आणि त्याच दिवशी जेवताना जाहीर केला.

बायको भेंडी वाढत होती. तिचा हात थांबला नाही.

"दोन वर्षांपूर्वी खुर्ची घेतलीस तेव्हा विचार कंबरेत अडले होते," ती म्हणाली. "आता बोटांपर्यंत आलेत. म्हणजे निघायच्या बेतात आहेत."

लिहायचं होतं ते आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी. संपादकांनी मला एका लग्नात, तोंडात गुलाबजाम असताना गाठलं, आणि मी मान हलवली. ती आडवी हलवायची राहून गेली. विषय मात्र मीच दिला, 'दिल्लीतला मराठी माणूस: काल, आज आणि उद्या'. दीड महिन्यात मी 'दिल्लीतला मराठी माणूस हा' इथवर आलो होतो. उद्याचं सोडा, अजून कालसुद्धा उजाडला नव्हता.

नुसत्या लेखाचाच प्रश्न असता तर तब्येतीचं कारण सांगून मोकळा झालो असतो. पण त्या लेखात माझी बाल्कनी अडकली होती.

पटपडगंजच्या सोसायटीतलं आमचं घर तसं लहान. त्यातली मागची बाल्कनी आम्ही काचा लावून बंद करून घेतली, आणि मी लेखक आहे या सबबीवर मी ती बळकावली. आत एक टेबल, ती कंबरवाली खुर्ची, एक दिवाण आणि पंखा. दार लोटून घेतलं की 'गॅसवाल्याला फोन केलास का' असं विचारायला कोणी येत नाही. पन्नाशीच्या माणसाला आणखी काय हवं? पण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या, आणि त्यांचाही बाल्कनीवर डोळा गेला. सोसायटीतल्या तीन मैत्रिणींबरोबर त्यांचा रोज दुपारी रमीचा डाव असतो. तो बसतो जेवणाच्या टेबलावर, त्यामुळे रविवारी आमचं जेवण कोणाचा तरी सिक्वेन्स लागेपर्यंत लांबतं.

शेवटी बायकोने निवाडा दिला. "गोकुळाष्टमीपर्यंत लेख संपादकांकडे गेला पाहिजे. या बाल्कनीतून लेख गेला, तर बाल्कनी लेखकाची. नाही गेला, तर तिथे पत्त्यांचं टेबल. मंजूर?"

"बिल्कुल," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी शांतपणे लोणचं वाढून घेतलं. त्यांचा माझ्या लेखनावर पूर्ण भरवसा होता.

तर असा तो टपोऱ्या कळांचा वेगळा कीबोर्ड आला. म्हणजे लगेच नाही आला. मी एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. आमच्याकडे स्टेपलर घ्यायचा तरी तीन कोटेशनं आणि एक तुलनात्मक तक्ता लागतो. दीड महिन्यात लेखाच्या चार शब्दांपुढे न गेलेल्या मी कीबोर्डचा अकरा रकान्यांचा तक्ता दोन संध्याकाळींत पुरा केला. त्यातून मला कळलेलं एवढंच, की अशा कीबोर्डात प्रत्येक कळीखाली एक वेगळा स्विच असतो. लाल स्विच गुपचूप खाली जातो, निळा टक् वाजतो, आणि तपकिरी या दोघांच्या मधला. मग मी यांचे व्हिडिओ बघायला लागलो. त्यात नुसती बोटं दिसतात आणि टायपिंग ऐकू येतं.

कॉलेजातली मुलगी मागे येऊन उभी राहिली. "बाबा, तुम्ही दुसऱ्यांचं टायपिंग ऐकताय?"

"अभ्यास चाललाय."

"यार बाबा, तेवढ्यात तुमचं स्वतःचं झालं असतं."

तिला म्हटलं, तू अजून लहान आहेस.

शनिवारी लाजपत नगरला मेट्रो बदलून नेहरू प्लेसला गेलो. तिथल्या चौकात पाऊल ठेवलं की दोन्ही कानांत लॅपटॉपची कव्हरं, टोनर आणि मोबाइलच्या काचा एकाच वेळी विकल्या जातात. त्या गलक्यात, एका तळघरातल्या दुकानात, मी दुकानदारापुढे उभा राहिलो. दुकानाच्या एका बाजूला कोणीतरी ड्रिलने भिंत पाडत होतं.

"सर, कौन सा गेम खेलते हैं?" त्याने विचारलं.

"मैं लेख लिखता हूँ."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोई बात नहीं सर, उसमें भी चलेगा."

त्याने एक छोटी पाटी काढली. तिच्यावर नऊ प्रकारच्या नऊ कळा. मी एकेक दाबून, डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकू लागलो. तंबोरा लावणारे बुवा मी पाहिलेत, तसाच काहीतरी माझा आव होता. ड्रिलच्या आवाजात लाल तर ऐकूच येईना. तपकिरीला दुकानदार 'ऑफिसवाला' म्हणाला, तेव्हा तो बाद. निळा मात्र त्या सगळ्या कोलाहलात कानाशी अगदी हळुवार, लाजरं असं 'टिक' म्हणाला. मी विरघळलो.

"ये वाला घर में थोड़ा आवाज़ करेगा, सर," दुकानदार म्हणाला. भला माणूस होता. मी हसलो. अकरा रकान्यांच्या तक्त्यात आसपासच्या ड्रिलसाठी रकाना नव्हता.

लेखासाठी मी आठवडाभराची रजा टाकली होती. सोमवारी सकाळी बाल्कनीत कीबोर्ड जोडला. त्याच्या आतून जांभळे, हिरवे, तांबडे दिवे लाटांसारखे पळायला लागले, आणि ते बंद कसे करायचे ते मला कळेना. बायको डोकावून म्हणाली, "छान आहे. नाही जमलं तर मखराला लावू." मग मी पहिली कळ दाबली.

दुकानातल्या त्या लाजऱ्या टिकचं घरी येऊन काय झालं होतं, कसं सांगू? बंद काचांची बाल्कनी, खाली फरशी, आणि टकाक्! समोरच्या तारेवरचं कबूतर उडालं. 'दिल्लीतला' एवढा शब्द टाइप होईस्तोवर स्वयंपाकघरातून हाक आली, "कोणी अडकित्ता घेतलाय का?"

पण दहा मिनिटांनी दार उघडून बायको चहा घेऊन आली. न मागता. लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर न मागता आलेला चहा! "चाललंय वाटतं जोरात," असं म्हणून ती दार हळूच लोटून गेली.

हा साक्षात्कार होता. लॅपटॉपवर मी लिहितोय की क्रिकेटचा स्कोअर बघतोय हे कोणाला कळत नसे, त्यामुळे सगळे स्कोअरच धरून चालत. आता घराला माझं लेखन ऐकू येत होतं. आवाज आला की चहा. आवाज थांबला की पाच मिनिटांत, "अरे, रिकामा आहेस तर गहू दळायला देऊन ये."

तेव्हा आवाज थांबू द्यायचा नाही, हे माझं त्या आठवड्याचं साहित्यिक धोरण ठरलं. 'दिल्लीतला मराठी माणूस हा' टाइप करायचं, खोडायचं, पुन्हा टाइप करायचं. खोडायची कळ दाबून धरली तर एकदाच टक् होते आणि सगळं वाक्य गडप. तसली उधळपट्टी मला परवडणारी नव्हती. मी एकेक अक्षर वेगळं खोडायचो. बुधवारपर्यंत तेही सुचेनासं झालं, तेव्हा हाताला येईल ती कळ बडवायला लागलो. कखगघ नाही, नुसतं टकटकटकटक. घरात मात्र माझी इज्जत वाढत चालली होती. शेजारच्या बाईंना बायको दारात सांगताना मी ऐकलं, "श्श, ये लिख रहे हैं."

सासूबाई मात्र बाल्कनीच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसून गवार मोडत. रोज. मला वाटायचं, हरत चालल्याचं दुःख असेल. थोडं वाईटही वाटायचं. फार नाही.

शुक्रवारी सकाळी त्यांनी गवारीचं ताट खाली ठेवलं, दार सरकवलं आणि आत आल्या.

"जावईबापू, एक विचारू? तुमच्या लेखात एकच शब्द आहे का?"

"म्हणजे?"

"मघापासून स्पेसबार ऐकू आला नाही. त्याचा आवाज जाड येतो. अर्धा तास झाला, तुमचा पहिलाच शब्द चाललाय. बराच लांब असणार."

मी घाईघाईने स्पेसबार दाबला.

"आणि परवापर्यंत उजव्या कोपऱ्यातली एक कळ सारखी वाजत होती. ती खोडायची ना? आमच्या मशीनवर खोडायची सोय नव्हती. म्हणून आम्ही आधी विचार करायचो."

इथे मला सांगायला हवं, आणि मलाही ते तेव्हाच आठवलं, की सासूबाई निवृत्त झाल्या त्या इथल्याच एका केंद्रीय मंत्रालयातून. लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून रोज डबा घेऊन निघायच्या आणि टायपिंगच्या हॉलमध्ये बसायच्या. एका हॉलमध्ये पंचवीस बायका आणि पंचवीस मशीनं. ज्या बाईसमोर मी पाच दिवस टायपिंगचं सोंग करत होतो, तिने आयुष्यभर दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"आमच्या सुपरिंटेंडंट बाई पाठ करून बसायच्या," त्या माझ्या पलंगाच्या, म्हणजे लेखकाला लागणाऱ्या दिवाणाच्या, कडेवर टेकत म्हणाल्या. "वळून न बघता सांगायच्या, तिसऱ्या रांगेत कोण झोपलंय."

"आई," मी हात जोडले, "हिला सांगू नका."

"सांगायचं असतं तर सोमवारीच सांगितलं असतं. पण तुमचं खोटं टायपिंग मला ऐकवेना हो. अगदीच कच्चं. आम्हीसुद्धा खोटं टाइप करायचो, दुपारी, जेवण झाल्यावर. पण त्याला रीत असते. पाच-सहा अक्षरं झाली की स्पेस. दहा-बारा शब्द झाले की पुढची ओळ. मधे थोडं थांबायचं, समोरचा कागद वाचल्यासारखं. तुम्ही म्हणजे पत्र्यावर हरभरे ओतल्यासारखं करता. आणि दोनच बोटं! लंगडी घालत पळणारा माणूस वाटतो. व्हा बाजूला."

मी कंबरवाली खुर्ची रिकामी केली. त्या बसल्या, चष्मा सारखा केला, कीबोर्डच्या पळत्या दिव्यांकडे 'हे काय' अशा नजरेने पाहिलं, दहाही बोटं ठेवली आणि समोरच्या काचेतून बाहेर बघत सुरू झाल्या.

काय तो आवाज! माझ्याच कीबोर्डात हा होता? धावता, सरळ, मधूनच एक जाड ठोका, मग पुन्हा धाव. पडद्यावर भराभर इंग्रजी उमटत होतं. वाचलं तर ते कोणा कारकुनाची रजा नामंजूर झाल्याचं सरकारी पत्र होतं, चार परिच्छेदांचं, खाली सहीसाठी जागा सोडून. एकही चूक नाही. तीस वर्षं बोटांत नुसतं पडून होतं.

"बिचाऱ्याच्या बहिणीचं लग्न होतं," सासूबाई म्हणाल्या.

"मग गेला का तो?"

"गेला ना. हे पत्र मी दोन दिवस उशिरा टाइप केलं."

तेवढ्यात आतून बायकोचा आनंदाचा आवाज आला. "वा! आज लागली रे तुझी तंद्री! भजी आणते!"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सासूबाईंची बोटं थांबली नाहीत. भज्यांसाठी असेल. पण माझं डोकं दीड महिन्यात पहिल्यांदा चाललं. "आई, हे लिहा ना. हा हॉल, त्या बाई, तो कारकून. मराठीतून."

"मराठी कसं? देवनागरीत माझा हात हिंदी मशीनचा."

मुलीला बोलावलं. "आजी, रुक, तुझा जुना टाइपरायटरवाला लेआउट असतो यात," असं म्हणून तिने चार ठिकाणी क्लिक केलं. कळांवर अक्षरं इंग्रजीच होती, पण सासूबाई कळांकडे बघतच नव्हत्या. जाता जाता मुलीने ते दिवेही बंद करून दिले. एका कळीचं काम होतं.

बायको भज्यांची बशी घेऊन दारात आली तेव्हा तिला दिसली खुर्चीत बसलेली तिची आई, दिवाणावर बसलेला मी, आणि पडद्यावर दीड पान. तिने पहिला परिच्छेद वाचला. दुसरा वाचला. मग माझ्यासाठी आणलेली बशी आईपुढे ठेवली.

शनिवारी लेख पुरा झाला. गोकुळाष्टमीला दोन दिवस बाकी होते. मी शक्य तेवढ्या सहजपणे म्हटलं, "दोघांच्या नावाने देऊ या का?"

"तुमचं नाव कशासाठी घालायचं?" सासूबाईंनी खरंच विचारलं. चिडून नाही, माहिती म्हणून.

"कीबोर्ड मी निवडला."

स्मरणिकेत लेख आला, 'आमचा टायपिंगचा हॉल'. खाली बारीक अक्षरांत 'कीबोर्ड: जावयाकडून' असं सासूबाईंनी स्वतः टाइप करून पाठवलं होतं आणि संपादकांनी विनोद समजून तसंच ठेवलं. आरतीनंतर माणसं त्यांच्याभोवती गोळा झाली. मला संपादक म्हणाले, "तुमचा लेख पुढच्या वर्षी." तोंडात मोदक होता. मी मान हलवली.

निवाडा तर काय, बायकोने आधीच देऊन ठेवला होता. बाल्कनीतून लेख गेला, बाल्कनी लेखकाची. दुसऱ्या दिवसापासून तिथे रमी सुरू झाली. दिवाणावर आता दोन भिडू बसतात.

पण सासूबाई मनाच्या मोठ्या आहेत. डाव दुपारी असतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळी दहा ते बारा बाल्कनी मला मिळते, कीबोर्डासकट. अट एकच. त्या दाराबाहेर वेताच्या खुर्चीत बसतात, माझ्याकडे पाठ करून, आणि भाजी निवडतात. मी थांबलो की भाजी थांबते. हे सगळं मी तसंच लिहिलंय, चार रविवारांत, दोन बोटांनी, खरंखुरं.

आत्ता जरा हात थांबले, तर बाहेरून आलंच.

"काय झालं जावईबापू? अडलं?"

"नाही आई. संपलं."

"मग एंटर कुठे वाजला?"