डांबरावरचा हुलगा
मी, माझी धाकली जाऊ अन् मोटरसायकलवरली दोन पोरं, एवढीच माणसं त्या दुपारी रस्त्यावर व्हती. हुलगा शिजला की त्याच्या वासानं आजबी ते आठवतं. गाड्यांच्या चाकाखाली मळणी व्हती म्हणून आमी निरगुडसरच्या डांबरी रस्त्यावर वाळला हुलगा पसरायचो. जाऊ वाकून त्यो हालवत व्हती, तवर दोघं शर्यत लावून वळणावरनं सुसाट आली. मी तिला दंडाला धरून वढली. एक गाडी हुलग्यावरनं घसरली अन् पोराचा गुडघा फुटला. दुसरा थांबलाबी न्हाई. "मावशी, घरी सांगू नका," पोरगा कण्हत म्हनला. "तुज्या आईलाच बोलावते, गप पड," म्हनत मी पदर फाडून पाय बांधला. त्यो पाय पुन्यांदा वाकला न्हाई. आमी रस्त्यावर पसरणं सोडलं. पोरांनो, वाचताय तर तुमीबी रस्त्यावर शर्यत लावणं सोडा.