तळाच्या चिखलाची चव

समुद्राच्या तळाशी काय आहे हे अख्ख्या रत्नागिरीत एकाच माणसाला ठाऊक आहे, असं मी लिहिलं तर अतिशयोक्ती होईल. पण बाबांच्या या मित्राला, आमच्या तांडेलचाचांना, त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. चाळीस वर्षं त्यांनी मासेमारीची होडी चालवली. नांगर वर आला की त्याला लागलेला चिखल बोटावर घ्यायचा, जिभेला लावायचा आणि जाहीर करायचं, "ही काजळी नदीची. डोंगरातली लाल माती." चाचींचं म्हणणं वेगळं. "चिखलाची चव कळते, माझ्या कालवणाची नाय कळत!" चाचा त्यावर गंभीरपणे आणखी भात मागतात.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला खाडीच्या मुखाजवळचा चिखल हवा होता, थरांसकट. नद्या जमिनीवरची माती समुद्रात आणतात, ती थरावर थर बसते, आणि त्यावरून जुन्या काळी पाऊस कसा होता याचा अंदाज बांधता येतो. हे मी चाचांना अडखळत सांगितलं. "पाऊस पडतो वरून, नि तू शोधतेस खाली?" ते हसले, पण तळात खुपसायचा प्लास्टिकचा पाइप घेऊन गेले. मला बोट लागते, म्हणून मी काठावरच राहिले. चूक तिथेच झाली.

संध्याकाळी त्यांनी स्टीलचा डबा पुढे केला. आत स्वच्छ वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे. "पोरीच्या कॉलेजात घाण कशी देऊ? कालवणाच्या तिसऱ्या धुतात तशी चार पाण्यांनी धुतली."

"आणि ते लाल पाणी?"

"माडाला घातलं."

प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते. माझे डोळे भरून आले. "चाचा, मला ती घाणच हवी होती."

त्यांनी डबा परत घेतला. "जन्मभर चाखली गो मी ती. नि धुताना मलाच कसं नाय कळलं?"

दुसऱ्या दिवशी दुखरे गुडघे घेऊन ते पुन्हा गेले. परतले ते रिक्षातून, पाइप तान्ह्या बाळासारखा मांडीवर उभा धरून, दोन्ही तोंडं फडक्यानं बांधलेली, वरच्या टोकाला ओळखीसाठी लाल दोरा. "रिक्षावाल्याला बोललो, हळू चालव. आत जुने पावसाळे आहेत."

प्रकल्प वेळेवर दिला. त्याच वर्षी चाचांनी होडी विकली.

परवा प्रयोगशाळेत कुणी नाही असं बघून त्या पाइपातला उरलेला कणभर चिखल मी जिभेला लावला. नदी कळली नाही, डोंगर कळला नाही. मला नुसतं खारट लागलं.