मी मिटवलेली तक्रार

जळगाव-धुळे रस्त्यावर आमचं गाव. स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या बौद्ध वस्तीसाठी कप वेगळे. ते बाहेर पत्र्याखाली फळीवर पालथे असत. आपला कप आपण घ्यायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत पालथा ठेवायचा. वडिलांनी जन्मभर तसाच चहा घेतला. एकदा आत बसून चारचौघांसारखा प्यायचा, एवढंच ते म्हणत.

सायकलवर भंगार गोळा करता करता मी जळगावात जुन्या पाइपांचा व्यापारी झालो होतो. घासाघीस हाच माझा धंदा. वस्तीतल्या पोरापोरींनी पोलिसांत तक्रार दिली आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी आत जाऊन बसायचं ठरवलं, तेव्हा मी आडवा आलो.

"केस वर्षानुवर्षं चालेल. मी दोन दिवसांत मिटवतो."

"दादा, हा भंगाराचा सौदा नाही," तक्रार लिहिणारी मुलगी म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो.

हॉटेलवाल्यावरही ओरडलो. मग आवाज खाली आणला. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, तू व्यापारी मानूस शे. तक्रार मांगे ले. उद्यापाईन बठ्ठास्ले एकसारखा ग्लास."

उद्यापासून सगळ्यांना एकसारखा ग्लास, या शब्दावर तक्रार नाही असं मी लिहून दिलं. पोरांकडूनही सह्या करून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी वडील धुतलेलं धोतर नेसून माझ्याबरोबर आत बसले. सगळ्यांसारख्याच ग्लासात चहा आला. त्यांनी तो सावकाश संपवला. मग सवयीने उठले, पिंपापाशी जाऊन ग्लास धुतला आणि पालथा केला. बुडाला लाल ऑइलपेंटचा ठिपका होता.

माझा उलटा केला. ठिपका. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा उचलला. बूड कोरं. त्याचा चहा त्याच्याच मांडीवर सांडला.

"पागल झाया का रे?" तो उठलाच.

हॉटेलवाल्याने स्टोव्हवरून मान वर केली नाही. "ग्लास एकसारखाच शेतस ना? मी शबद पाळा."

दीड रुपयासाठी माणसाची गचांडी धरणारा मी. राग येईल म्हणून थांबलो, आला नाही. हात चिकट झाले होते, तेवढंच कळत होतं.

"चाल," वडील म्हणाले, "गाडी यी राहिनी."

आम्हाला कुठेच जायचं नव्हतं.

फौजदाराने माझा कागद पुढे केला, तरी पोरांनी नवी तक्रार लिहिली. वडील त्यांच्याबरोबर ठाण्यात गेले. पहिली सही त्यांची. मला ते तिसऱ्या दिवशी जळगावात दुसऱ्याकडून कळलं. चूक माझीच होती, मान्य. पण मला सांगायला हवं होतं. जळगाव काही लांब नव्हतं.